परभाषेतले सिनेमे बघायचं चॅलेंज: खरंच काही मिळतं, की नुसती यादीवर टिक मारायची?

ढगाळ_दुपार
यंदा मी एक चॅलेंज घेतलंय. दर आठवड्याला एक सिनेमा, तोही मला अजिबात न कळणाऱ्या भाषेतला. नियम तीनच, डबिंग चालणार नाही, एक देश एकदाच, आणि सिनेमा संपेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. घरचे हसतायत, सिनेमा बघायला कसलं आलंय चॅलेंज म्हणून. पण मोकळं सोडलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, अर्धा तास नुसतं स्क्रोल करायचं आणि शेवटी तीच जुनी सिरीज लावून झोपायचं. यात ती निवडायची कटकटच नाही, आज इराण म्हणजे इराण.

दुसरं म्हणजे भाषा कळत नसली की डोळे पडद्यावरून हलवताच येत नाहीत. हिंदी-इंग्रजी मी निम्मं कानानेच बघते. इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा 1987 चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' लावला होता. एका पोराकडून वर्गमित्राची वही चुकून घरी आलीये, आणि गृहपाठ वहीत नसला तर त्या मित्राला शाळेतून काढणार असं मास्तरांनी सांगितलंय. पोरगं आईला परत परत सांगतं, वही द्यायला जायचंय, आणि आई आपली कामं उरकता उरकता म्हणत राहते, आधी अभ्यास कर. बाळाचंही बघ, हेही आण, तेही आण. पोरगं उठतं, काम करतं, येऊन परत तेच सांगतं. फोन हातात असता तर 'काही घडतच नाहीये' म्हणून दहा मिनिटांत बंद केला असता मी.

तुमचं काय म्हणणं?

पाटीकोरी
फोनचा नियम उत्तम. 'एक देश एकदाच' हा मात्र सगळ्यात वाईट नियम आहे, स्पष्ट बोलतो. एक सिनेमा बघून इराण 'झालं' का? जपानचा दिग्दर्शक ओझू घ्या. 1949 चा 'लेट स्प्रिंग', 1951 चा 'अर्ली समर', 1953 चा 'टोकियो स्टोरी', तिन्हीत सेत्सुको हारा ही नटी आहे आणि तिन्हीत तिचं नाव नोरिको, पण तिन्ही नोरिको वेगळ्या, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. पहिल्यात बापाला एकटं सोडून लग्न करायचं तिच्या जिवावर येतं, दुसऱ्यात ती स्वतःच स्वतःचं लग्न ठरवून मोकळी होते, तिसऱ्यात ती विधवा सून आहे. ही गंमत तिन्ही बघितल्याशिवाय कळतच नाही. तुमच्या यादीत एक नोरिको भेटणार आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही हंगेरीला.

मधलीसीट
मला डबिंगबद्दल बोलायचंय, कारण लोक त्याच्याकडे पाप असल्यासारखं बघतात. जर्मनी, इटली, स्पेनमध्ये पिढ्यानपिढ्या लोक परदेशी सिनेमे डब करूनच बघतायत, त्यांना काय सिनेमा कळत नाही? आणि 'ओरिजिनल आवाज' म्हणजे नक्की कोणता? इटलीत त्या काळात बहुतेक सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. फेलिनी तर सेटवर नटांना चक्क आकडे म्हणायला लावायचा, संवाद मागाहून. इटलीच्याच लिओनेच्या वेस्टर्नमध्ये (काउबॉय सिनेमे) एकाच सीनमध्ये एक जण इंग्रजी बोलतोय, दुसरा इटालियन, म्हणजे कुठलीही आवृत्ती लावा, कुणी ना कुणी डब केलेलं असणारच. तिथे तुमचा नियम काय करणार?

ढगाळ_दुपार
@मधलीसीट लिओनेला सूट, तिथे माझ्याकडे खरंच उत्तर नाही :) पण बाकी ठिकाणी नाही. नटाचा श्वास, अडखळणं, आवाज बारीक होणं, हे सगळं डबिंगमध्ये स्टुडिओतल्या माणसाचं होतं. मला शब्द नाही कळले तरी चालतील, माणूस तोच पाहिजे.

मधलीसीट
आणि सबटायटलमध्ये काय सगळं येतं? नेटफ्लिक्सच्या नियमात इंग्रजी सबटायटलला एका ओळीत 42 अक्षरं, ओळी दोन, आणि जास्तीत जास्त 7 सेकंद. तिघं एकदम भांडायला लागले की निम्मं भांडण गाळावंच लागतं. वर तुम्ही खाली वाचत असता तेव्हा चेहरा कोण बघतंय? कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो 2020 मध्ये गोल्डन ग्लोबच्या स्टेजवर बोलला ना, सबटायटलचा एक इंच उंचीचा अडथळा ओलांडला की कितीतरी भारी सिनेमे भेटतील म्हणून, तेव्हापासून ते वाक्य जो तो तोंडावर फेकतो, जसं काही ते ऐकलं की समोरच्याने गप्पच बसायचं.

उशिराचा_शो
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. देशवार यादीतून जे हाताला लागतं तो त्या देशाचा सिनेमा असतोच असं नाही, बऱ्याचदा फेस्टिव्हलवाल्यांनी निवडलेला असतो. पैसाही बाहेरचा असतो, बर्लिन फेस्टिव्हलचा वर्ल्ड सिनेमा फंड 2004 पासून हेच करतोय. वाईट नाही, चांगले सिनेमे झालेत त्यातून, पण तिथल्या थेटरात गर्दी खेचणारी कॉमेडी तुमच्या यादीत कधी येणार? आणि नायजेरियाचं काय करणार? 2019 मध्ये त्यांनी ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या गटात 'लायनहार्ट' पाठवला आणि अकॅडमीने बाद केला, का तर संवाद बहुतेक इंग्रजीत. अहो, त्या देशाची अधिकृत भाषाच इंग्रजी आहे! तुमच्या नियमानेही तो बादच होणार.

ढगाळ_दुपार
@उशिराचा_शो हा मुद्दा पटला. नायजेरियासाठी योरुबातला शोधते, तिथे योरुबात पण सिनेमे निघतात. पण मी काय जीके वाढवायला बसले नाहीये हो, देश हा फक्त धक्का मारायला. बेल्जियमच्या दिग्दर्शिका अकरमनचा 'जान डिलमन' मी आपणहून कधीच लावला नसता, 201 मिनिटं! 2022 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या क्रिटिक्स पोलमध्ये पहिला आला, तेव्हा नाव वाचून सोडून दिलं होतं. बेल्जियमचा आठवडा आला म्हणून बसले. बाई घरकाम करते, बटाटे सोलते, सगळं ठरल्या वेळेला. आणि दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बास, एवढंच. पण ती ते भांडं हातात घेऊन घरात फिरते, या खोलीतून त्या खोलीत, ठेवायचं कुठे तेच सुचत नाहीये, आणि मी इकडे सरसावून बसले, आता काहीतरी होणार म्हणून. तास-दीड तास तिची शिस्त बघितलेली नसती तर त्या भांड्याचं काही वाटलंच नसतं.

रिकामटेकडा
मी बटाट्यालाच झोपलो. सॉरी.

पाटीकोरी
बघा, म्हणजे वेळ दिला म्हणून ते भांडं दिसलं. मी तेच म्हणतोय, वेळ द्या. मग अकरमनचे अजून दोन बघा की, बेल्जियमला कुलूप कशाला?

ढगाळ_दुपार
कारण मग वर्षभर मी बेल्जियममध्येच बसेन, माझा स्वभाव मला माहितीये. आवडलेल्यांची वेगळी यादी केलीये, ती पुढच्या वर्षी.

पाटीकोरी
पुढच्या वर्षी नवीन चॅलेंज निघणार. लिहून ठेवा.

रिकामटेकडा
एक शंका. मूकपट चालतील का? भाषाच नाही, म्हणजे न कळणारी भाषा पण नाही.

ढगाळ_दुपार
मधे मधे पाट्या येतात ना त्या भाषेत, मग चालवून घेऊ.

उशिराचा_शो
मग जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा 1924 चा 'द लास्ट लाफ' बघा. संवादाची एकही पाटी नाही, निवेदनाची एकच, ती पण शेवटाकडे. हॉटेलच्या दारावरच्या म्हाताऱ्या दरवानाला खाली बाथरूमच्या कामाला लावतात, त्याचा तो झगमगीत कोट काढून घेतात, आणि सगळं त्याचं काम करणाऱ्या एमिल यानिंग्सच्या पाठीवरून कळतं, नुसत्या चालण्यावरून.

ढगाळ_दुपार
जर्मनी अजून शिल्लक आहे, हाच लावते. पण नेटवर एक कॉपी सापडली तिचं संगीत ऐकवत नाही, कुठली बघू?

रिकामटेकडा
म्यूट करा. चॅलेंजच ना.