मरीन ड्राइव्हवर लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची आतषबाजी: कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू?

रातराणी
लक्ष्मीपूजनाला मरीन ड्राइव्हवर उभं राहून आतषबाजीचे फोटो काढायचे आहेत. फुलफ्रेम कॅमेरा, २४-१०५ एफ ४ लेन्स, ट्रायपॉड आणि वायरचा रिमोट आहे. आधीचे फोटो एफ ४, ऑटो आयएसओ, १० सेकंद असे काढलेले आहेत. आकाशात फुटणाऱ्या शॉटची फुलं पांढरीफटक, रंग नावालाही नाही. रस्त्याचे दिवे म्हणजे नुसते पांढरे गोळे. काही फ्रेम तर सगळ्याच धूसर. शटर १० वरून ३ सेकंदांवर आणलं, दिवे सुधारले, पण फुलं पांढरी ती पांढरीच. असं का होतं? आणि नेमकं उभं कुठे राहावं?

निशाचर
शटर कमी करूनही फुलं पांढरीच राहिली, त्यातच तुमचं उत्तर आहे. ठिणगी पळत असते. सेन्सरवरच्या एखाद्या ठिपक्यावरून ती क्षणात पुढे निघून जाते आणि त्या ठिपक्याला तेवढ्यापुरताच प्रकाश मिळतो. मग शटर ३ सेकंद उघडं राहो की १०, त्याला फरक पडत नाही. ठिणगीचा उजेड ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. रस्त्याचा दिवा जागचा हलत नाही, त्यामुळे शटर उघडं असेपर्यंत तो प्रकाश साठवतच राहतो. तेव्हा फुलांसाठी ॲपर्चर आणि शहरासाठी शटर, असा हिशेब वेगवेगळा करा.

सुरुवात आयएसओ १००, एफ ११, ४ सेकंदांपासून करा. एफ ४ वरून एफ ११ ला आलात की प्रकाश आठव्या हिश्शावर येतो. त्यात लाल-हिरवे रंग टिकतात. कडकडणारे पांढरे शॉट असतील तर एफ १६. निळा रंग मुळातच मंद जळतो, त्याला एफ ८ लागतो. ऑटो आयएसओ आधी बंद करा, तुमचा निम्मा घोटाळा त्यानेच केला आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ३८०० केल्विनच्या आसपास कायम ठेवा. ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचं आकाश वेगळ्या रंगाचं येईल. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

धूसर फ्रेमचं कारण बहुधा फोकस. काळ्या आकाशात ऑटोफोकस चाचपडत बसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, १० पट झूम करून दूरच्या इमारतीच्या एखाद्या दिव्यावर हाताने फोकस करा. दिव्याचा ठिपका सगळ्यात लहान दिसला की थांबा, लेन्स एमएफवर (हाताच्या फोकसवर) टाका आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. रिंग शेवटच्या टोकाला नेऊन ठेवू नका, बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात. झूम बदललात तर फोकस पुन्हा तपासा. ५० मिमी, एफ ११ ला अनंतावर फोकस असेल तर साधारण ८ मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येतं.

ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (थरथर रोखणारी सोय) बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर ४ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ४ सेकंद अडकून बसतो आणि नेमका चांगला शॉट हुकतो.

रिमोट आहेच, तर बल्ब मोड वापरा, त्यात बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं. शॉट वर जाताना उजेडाची शेपटी दिसली की दाबा, फूल उमलून खाली झुकायला लागलं की सोडा. त्यात ३-४ सेकंद जातात. एका फ्रेममध्ये एक-दोन फुलं पुरेत. तिसऱ्याचा मोह धरलात की मधला भाग पांढरा होतो.

पाऊणपट
जागेबद्दल सांगतो. नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहून गिरगाव चौपाटीकडे कॅमेरा लावला की दिव्यांची कमान आणि मागे मलबार हिल मिळते. पण मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे. चौपाटीवरचा बाण तिथून टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. म्हणून कमान चौकटीत मागे ठेवा आणि शॉट उडतायत तिथून १५० मीटरवर उभ्या राहा. शॉट अंदाजे ३०-४० मीटर वर जातात. एवढ्या अंतरावर ५० मिमी आणि उभी चौकट बरोबर बसते. २४ मिमीला तीच फुलं काळ्या आकाशात हरवतात.

सेटिंगपेक्षा वारा जास्त फोटो बिघडवतो. संध्याकाळी तो बहुधा समुद्राकडून येतो आणि धूर इमारतींकडे जातो. पोहोचल्यावर एक उदबत्ती पेटवून बघा. धूर चेहऱ्यावर आला तर जागा बदला. वारा पाठीमागून किंवा आडवा हवा. पन्नास फूट उंचीवरचा वारा वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्या शॉटचा धूर वर कुठे सरकतो तेही पाहा. वारा पडला असेल तर पहिली १५-२० मिनिटंच खरी, नंतर दिव्यांच्या उजेडात धूर गढूळ तपकिरी होतो आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो काढू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. तुम्ही जाल त्या वर्षीचा स्थानिक आदेश बघून घ्या आणि साडेसातला ट्रायपॉड लावून तयार राहा.

आता पाणी. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी ओहोटी होऊन गेलेली असते आणि ८ ते १० पाणी चढत असतं. आठला टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे, उघडे, काळे दिसतात. दहाच्या सुमारास पाणी जवळ आलेलं असतं आणि फुलांची प्रतिबिंबं लांब पडतात. प्रतिबिंब हवं असेल तर उशिराचे शॉट धरा. टेट्रापॉडवर मात्र उतरू नका. शेवाळ, अंधार आणि उधाणाचं चढतं पाणी, तिन्ही एकत्र असतात.

रातराणी
खूप आभार, दोघांचेही. धाकट्या भावाकडे फक्त मोबाइल आहे. त्याला काय सांगू? आणि कठड्यावर ट्रायपॉड ठेवला तर चालेल का?

निशाचर
कठडा नको. त्यावर माणसं बसतात, पाय हलवतात, ती थरथर कॅमेऱ्यात उतरते. ट्रायपॉड कठड्याला लागून जमिनीवर ठेवा, मधला दांडा वर काढू नका. बॅग दांड्याला लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, अधांतरी लटकली तर वाऱ्याने झुलते. फिल्टर काढून ठेवा. काळ्या आकाशात दिव्यांचे हिरवट ठिपके उमटतात ते बहुधा त्याचेच. लेन्सच्या तोंडाला हूड (आडवा उजेड अडवणारी कडी) लावा. खाऱ्या हवेने काचेवर चिकट पातळ थर बसतो, दर पंधरा मिनिटांनी मायक्रोफायबरने पुसा. कॅमेरा एसी गाडीतून थेट बाहेर काढू नका, काच धुरकटते. अर्धा तास आधी बॅगेतच बाहेरच्या हवेत ठेवा.

फुलबाजी
मोबाइलचं सांगते, ताई. भावाला नाइट मोड बंद करायला सांगा. त्यात फोन अनेक फ्रेम काढून एकमेकींवर जुळवतो आणि ठिणगीची रेघ तुटक येते. प्रो मोड असेल तर आयएसओ सगळ्यात कमी, ५० असेल तर ५०, फोकस डोंगराच्या चिन्हावर, शटर अर्धा ते एक सेकंद. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही, म्हणून वर निशाचरांनी सांगितलेली अडचण इथे टोकाची होते. शटर कमी केल्याने फुलं एकावर एक साचत नाहीत एवढंच, प्रत्येक रेघ तेवढीच उजळ राहते. त्यावर खरा उपाय क्लिपने लावायचा एनडी ८ फिल्टर, म्हणजे प्रकाश आठव्या हिश्शावर आणणारी गडद काच. आयफोनवर प्रो मोड नाही, पण लाइव्ह फोटो चालू ठेवून काढला की नंतर त्यातच लाँग एक्स्पोजर हा पर्याय मिळतो, भुईनळ्याला तो छान लागू पडतो. फोन टेकवून ठेवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्काही दिसतो.

कॅमेऱ्याने एकाच चौकटीत बरीच फुलं हवी असतील तर काळा कार्डपेपर न्या. बल्बवर शटर उघडं ठेवून कागद लेन्ससमोर धरायचा, काचेला न लावता. शॉट वर निघाला की बाजूला, विझला की पुन्हा समोर. फक्त लेन्स उघडी असल्याची बेरीज ६ सेकंदांपुढे जाऊ देऊ नका, नाहीतर रस्त्याचे दिवे पुन्हा पांढरे होतील. दुसरा मार्ग असा: साडेसहाच्या सुमारास आकाश निळं असताना शहराची एक फ्रेम काढा, ट्रायपॉड तसूभरही न हलवता रात्रीच्या फ्रेम काढा आणि नंतर फोटोशॉप किंवा जिम्पमध्ये थर रचून लाइटन मोड लावा, त्यात प्रत्येक ठिकाणी थरांमधला जास्त उजळ भाग दिसतो. अशा फोटोखाली तो जोडलेला आहे हे मात्र लिहाच, कारण निळं आकाश आणि आठनंतरचे शॉट एका क्षणी दिसूच शकत नाहीत.

आणि अंगात सुती कपडे घाला. बाटलीतून सोडलेला बाण बाटली कलंडली की आडवा येतो, म्हणून बाण उडवणाऱ्यांच्या अगदी शेजारी किंवा त्यांच्या समोरच्या रेषेत ट्रायपॉड लावू नका.