कॉलेजात क्यूबसॅट करायचाय, पेलोड काय ठेवू? (कोल्हापूर)

ईटीसी_थर्डइयर:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात थर्ड इयरला आहे. आम्ही अकरा जण 1यू क्यूबसॅट, म्हणजे साधारण दहा सेंटीमीटरच्या चौकोनी डब्याएवढा छोटा सॅटेलाइट, करायचं म्हणतोय. पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' सॅटेलाइट जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरनं गेला, वजन एक किलोच्या आत, मी तेव्हा शाळेत होतो आणि तेव्हापासनं हे डोक्यात बसलंय. एचओडी सर म्हणतात आधी सांगा, वर जाऊन तो करणार काय, म्हणजे पेलोड (कामाचं उपकरण) कुठला? आम्हाला कॅमेरा लावून पंचगंगेच्या पुराचे फोटो काढायचेत, 2019 ला शिरोळला आमच्या घरात पाणी होतं. जमेल का?

माजी_टीम_मेंबर:
भावा, पुराचं मनात घेतलंस हे लय चांगलं, पण कॅमेरा नको. पूर येतो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याला ढगाच्या आरपार दिसत नाही, म्हणून तर पुराचे नकाशे रडारवाल्या सॅटेलाइटवरनं करतात आणि रडारला लागणारी पॉवर 1यू मध्ये आणणार कुठनं? एका बाजूला मोठे दोनच सोलर सेल बसतात, ऊन सरळ पडलं तर दोन-सव्वादोन वॅट, त्यात 500 किलोमीटरवर साधारण 95 मिनिटांच्या फेरीत 35 एक मिनिटं अंधार. डेटाचं पण तसंच, सेकंदाला 9600 बिटच्या स्पीडनं आठ मिनिटांच्या पासमध्ये (सॅटेलाइट आपल्या आभाळातनं जातो तेवढा वेळ) साडेपाचशे केबीच्या आसपास, ते पण एक पॅकेट गळलं नाही तर.

त्यापेक्षा नदीची पातळी पाठवा की! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फूट, धोका 43, पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर हाच आकडा विचारत असतं. मोबाईल टॉवर बंद पडले तरी बंधाऱ्यावरच्या सेन्सरनं सॅटेलाइटला वीस-तीस बाइट द्यायचे, सेन्सर आणि तुमचं सिग्नल घेणारं स्टेशन दोन्ही इथंच असल्यामुळं त्याच पासमध्ये ते कॉलेजच्या गच्चीवर उतरतील. दिवसाला चार-पाचच पास मिळतात, मग मधल्या तासांच्या नोंदी सेन्सरनं धरून ठेवून एकदम पाठवायच्या. 'स्वयम्'चा पेलोड पण मेसेज पोचवायचाच होता.

आणि सेकंड इयरची पोरं आत्ताच टीममध्ये घ्या. आमचा ऑनबोर्ड कॉम्प्युटरचा कोड एका सिनियरच्या लॅपटॉपवर होता, तो पास आऊट झाला आणि आमचं सहा महिन्यांचं काम परत पहिल्यापासनं. अजून वाईट वाटतं त्याचं.

उद्यमनगर_सीएनसी:
फ्रेमची काळजी करू नका पोरांनो. ॲल्युमिनियम 6061 नाहीतर 7075, बाहेरनं 100 मिलिमीटर, 0.1 इकडं-तिकडं, हे आमचं रोजचं काम हाय. चार कोपऱ्यांच्या रेलना तेवढं हार्ड ॲनोडायझिंग पाहिजे, नाहीतर पोकळीत धातूला धातू चिकटतो आणि सॅटेलाइट रॉकेटवरच्या डब्यातनं सुटतच नाही. त्या थराची जाडी धरून साइज काढा. ड्रॉइंग घेऊन या, पहिला पीस मी फुकट काढून देतो.

गच्चीवरचा_हॅम:
आधी ऐकायला शिका. स्टीलच्या मेजर टेपची पट्टी कापून यागी (एका दिशेला रोखायचा) अँटेना होतो, सोबत एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर), आणि आयएसएस या अंतराळ स्थानकाचे पॅकेट 145.825 मेगाहर्ट्झवर ऐकायचे. हातात अँटेना धरून पास संपेपर्यंत फिरवला की आठ मिनिटं किती कमी असतात ते कळतं. 437 मेगाहर्ट्झवर जाल तेव्हा डॉप्लरनं (सॅटेलाइटच्या वेगामुळं) फ्रिक्वेन्सी 10 किलोहर्ट्झपर्यंत सरकते, आणि आपल्या सॅटेलाइटचा पहिला बीकन (ओळखीचा सिग्नल) ऐकायच्या दिवशी हा सराव नसेल तर हातातला पास जाणार. दोघा-तिघांनी एएसओसीची (हॅम रेडिओ चालवायच्या सर्टिफिकेटची) परीक्षा या वर्षीच द्या, फ्रिक्वेन्सीचा अर्ज पण डिझाइन चालू असतानाच करा, त्याला वेळ लागतो.

ईटीसी_थर्डइयर:
दादा, राजाराम बंधाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला, आज रात्रीच सरांना मेल टाकतो. मेजर टेप आणलाय, रविवारी पहाटे गच्चीवर बसतोय. उद्यमनगरचे काका, ड्रॉइंग घेऊन कधी येऊ?

उद्यमनगर_सीएनसी:
सोमवार सोडून कधी पण. नऊला शटर उघडतो.