गंज आतून येतो, लांबी (पुट्टी) भरून थांबणार नाही

गाडीच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला रंग फुगलाय, लांबी भरून टचअप केलं तर चालेल का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'नाही' आहे. रंग फुगतो तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो. चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या आतल्या प्लास्टिक लायनिंगच्या मागे साचतो, आणि आपल्या मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर वाळतच नाही. समुद्राजवळ उघड्यावर गाडी उभी राहत असेल तर आणखी वाईट.

आधी लायनिंग काढून सगळा चिखल धुवा. मग फुगलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा टणक लागला तर चकाकेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण) लावा आणि वाळल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा मुंबईत रात्रभर ठेवूच नका. लांबी ओलावा शोषते, म्हणून ती प्रायमरनंतर आणि पातळच. हे काम मे संपायच्या आत उरका.

टोचल्यावर आरपार भोक पडलं तर दुरुस्तीत पैसे घालू नका. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, सरळ बदलता येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना, चांगल्या पत्र्याचा मिळाला तर उत्तमच. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, तिथे कापून नवा तुकडा जोडणारा डेंटर शोधावा लागेल.

आणि गाडीच्या नोंदणीचं १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर रंगावर खर्च करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा नक्की तपासून घ्या.