बाबांच्या लॅपटॉपवर सारखं ‘व्हायरस सापडला’ येतंय, फॉरमॅट मारायलाच लागेल का?

घाटावरची
नमस्कार मंडळी. बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. त्यांच्या लॅपटॉपवर (विंडोज ११, क्रोम) हल्ली खाली उजव्या कोपऱ्यात टुंग करून चौकोन येतो, "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले", "अँटीव्हायरस आज संपतंय" वगैरे. क्रोम बंद असलं तरी येतंच म्हणे. परवा त्यावर क्लिक झालं तर अख्खा स्क्रीन भरून मायक्रोसॉफ्टचा लोगो, भोंगा, एक बाई इंग्रजीत काहीतरी बजावतीये, मोठ्या अक्षरात फोन नंबर, आणि माऊसचा बाणच गायब. बाबांनी नंबर लावला नाही हे नशीब, सरळ बटण दाबून लॅपटॉप बंद केला. विंडोजच्या स्वतःच्या सिक्युरिटीनं फुल स्कॅन केला तर त्यात काहीच नाही. गल्लीतला रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारू आणि वर अँटीव्हायरस घ्या. पण त्यात पेन्शनचे कागद, फोटो सगळं आहे. मला फोनवरून सांगून काढता येईल का हे? त्यांचा वापर म्हणजे पेपर, राशिभविष्य आणि सीरियलचे चुकलेले भाग, बास.

रिकामा_डबा
कुठलंतरी फ्री क्लीनर टाका ना, क्रोममध्येच एक क्लीनअप टूल पण असायचं, ते चालवा. माझ्या मेव्हण्याचं त्यानंच गेलं होतं.

केबलवाला_बंड्या
ते टूल गूगलनं २०२३ च्या मार्चमध्ये काढून टाकलं, आता नाहीये. आणि फ्री क्लीनर शोधायला जाऊ नका, त्या सर्चमध्येच अर्धे चोर बसलेत.

ताई, स्कॅनमध्ये काही सापडत नाही कारण बहुतेक तिथे सापडण्यासारखं काही नाहीच. हे व्हायरस नाही, नोटिफिकेशन आहे. सीरियलवाल्या फुकट साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं येतं, माणूस दाबतो, आणि त्या साइटला कधीही टुंग करायची परवानगी मिळते. क्रोमची खिडकी बंद केली तरी ते मागे चालू राहू शकतं, म्हणून बाबांना वाटतं क्रोमचा संबंध नाही. पुढच्या वेळी चौकोन आला की क्लिक न करता नीट वाचायला सांगा, बारीक अक्षरात गूगल क्रोम आणि साइटचं नाव दिसेल.

आता फोनवर सांगा: क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते, जे नाव ओळखीचं नाही त्यापुढचे ठिपके दाबून ब्लॉक करा. रिमूव्ह केलं तर तीच साइट परत विचारू शकते, म्हणून ब्लॉक बरं. आणि वरती साइट्सनी विचारूच नये असा पर्याय आहे तो लावून टाका, बाबांना कुठल्याच साइटचं नोटिफिकेशन नको असणार. मग सेटिंग्जमध्येच सिस्टिममध्ये जाऊन, क्रोम बंद केल्यावर मागे चालू राहायचं बटण आहे तेही बंद करा.

सोलापुरी_चादर
बंड्याभाऊंनी मुद्द्याचं सांगितलंय, पण एक्स्टेन्शन्सपण (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघा. पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन, व्हिडिओ डाउनलोडर असलं काही आपण न टाकलेलं दिसलं तर उडवा. काढलेलं परत येत असेल तर गूगल अकाउंटच्या सिंकमधून येत असतं. तरी नाही जमलं तर रीसेट सेटिंग्ज, त्यात बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात. फॉरमॅटची गरज नाही, रिपेअरवाल्याचं दुकान चालायला पाहिजे हे मान्य, पण तुमच्या बाबांच्या फोटोंवर कशाला.

तो फुल स्क्रीन म्हणजे साधं वेबपेजच असतं, फक्त बाण लपवतं आणि आवाज करतं. एस्केप बटण नुसतं दाबायचं नाही, दाबून धरायचं, मग फुल स्क्रीन सुटतो आणि टॅब बंद करता येतो. नाहीच सुटलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप, टास्क मॅनेजरमधून क्रोमला एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत समोर. आणि खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे एका कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा.

निवांत_काका
नंबरामागची मंडळी बरेचदा आपल्याकडचीच असतात हो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र २ मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातल्या काही केसेस मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून होत्या, कॉल सेंटरमधून टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशी लोकांना गंडवत होते. फोन लावला की एनीडेस्क नाहीतर टीमव्ह्यूअर (लांबून आपला कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) टाकायला लावतात आणि बँकेत लॉगिन करायला सांगतात. कुणी तिथपर्यंत गेलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

घाटावरची
झालं! यादीत ढीगभर साइट्स निघाल्या, एकीचंही नाव उच्चारता येईना. बाबांनी स्वतःच एकेक ब्लॉक केल्या, मी नुसती व्हिडिओ कॉलवर. एक व्हिडिओ डाउनलोडर पण निघाला, तो काढला. कालपासून टुंग नाही. आता सीरियल कुठे बघू विचारतायत.

सोलापुरी_चादर
चॅनेलच्या अधिकृत अ‍ॅपवर लावून द्या. आणि क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, जुनं पूर्ण यूब्लॉक आता क्रोमवर चालत नाही, ते हवं असेल तर फायरफॉक्स.

चिंचगुळ
मधेच घुसते, सॉरी. माझ्या सासूबाईंच्या अँड्रॉइड फोनवर असंच होतं, पण क्रोम न उघडता, होम स्क्रीनवरच अख्खी जाहिरात येते. तेच करायचं का?

केबलवाला_बंड्या
नोटिफिकेशनची यादी तिथेही बघा, पण हे वेगळं वाटतंय. होम स्क्रीनवर येतंय म्हणजे एखादं अ‍ॅप असणार, टॉर्च, वॉलपेपर, फोन क्लीनर असलं काहीतरी. जाहिरात समोर असतानाच रिसेंट अ‍ॅप्सचं बटण दाबा, बरेचदा कुठलं अ‍ॅप आहे ते तिथे कळतं. नाही कळलं तर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ शोधा आणि कुणाकुणाला परवानगी आहे ते इथे टाका, बघून सांगतो.