बालेवाडीचं काय?

मोठी क्रीडास्पर्धा संपली की स्टेडियम ओस पडतं आणि लोकांच्या हाती काही लागत नाही, असं दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सचं उदाहरण देऊन म्हटलं जातं. दिल्लीपुरतं बरंचसं पटतं, पण पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल कुणी विचारातच घेतलेलं दिसत नाही. ते संकुल १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलं आणि २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्सही तिथेच झाले, म्हणजे सगळं शून्यापासून उभं करावं लागलं नाही, आणि पुढे आयएसएल या लीगचं फुटबॉल, एटीपीचं आंतरराष्ट्रीय टेनिस, प्रो कबड्डी असं काही ना काही होत राहिलं.

पण फायदा कुणाला हे बघायचं तर पुण्याच्या दुसऱ्या टोकाच्या हडपसरची एखादी पळणारी मुलगी डोळ्यासमोर आणा. बालेवाडीच्या ट्रॅकसाठी अख्खं शहर ओलांडायचं, पहाटे बस बदलत जायचं, खांद्याला पळायच्या बुटांची पिशवी, आणि परत येऊन कॉलेज गाठायचं. बाणेर-बालेवाडीत राहणाऱ्याला ते मैदान घरचं वाटतं, तिला नाही. म्हणून मला वाटतं की २०३० ला अहमदाबादेत कॉमनवेल्थ गेम्स होताना नुसता बांधकामाचा खर्च मोजू नका, स्थानिक पोरांना रोज किती तास आणि किती फीमध्ये मैदान मिळणार हे आत्ताच लेखी ठरवून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.