सिव्हिल करून परदेशात मदतकार्यात जायचंय, सोलापुरातून सुरुवात कुठून करू?

जुळेसोलापूरकर
मंडळी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पूर, भूकंप, निर्वासितांचे कॅम्प असल्या ठिकाणी, म्हणजे युनिसेफ नाहीतर रेडक्रॉसमधून बाहेर देशात काम करायचंय. आई म्हणती आधी पीडब्ल्यूडीची परीक्षा दे मग काय ते कर. त्यात एका क्लासवाल्याचा फोन आला, तीस हजार भरा, सर्टिफिकेट देतो आणि थेट युएनचा इंटरव्ह्यू लावून देतो. खरं असतं का असलं? आणि सिव्हिल सोडून सोशल वर्कला जावं का?

टँकरमागेधावणारा
एक रुपया भरू नकोस बे. युएन भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाही, अर्जाला नाही, इंटरव्ह्यूला नाही, ट्रेनिंगलाही नाही. जाहिराती रिलीफवेब नावाच्या मदतकार्याच्या वेबसाइटवर फुकट दिसतात. आज बसून वीसेक जाहिराती वाच, काय मागतात ते कळंल.

सिव्हिल सोडायचा तर विचारच करू नको. तिकडं समाजसेवेची आवड असणारा पाहिजे अशी जाहिरात निघत नाही लका, निघती ती पाणी-स्वच्छता इंजिनियर, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, नर्स अशी. आपले कोटणीस १९३८ ला चीनला गेले ते डॉक्टर होते म्हणूनच ना.

मी पाण्यातच काम करतो, आधी सांगोला-मंगळवेढा भागात केलं मग बाहेर गेलो, म्हणून सांगतो. मदतकार्यात किमान काय पुरवायचं ते सांगणारं स्फिअर हँडबुक डाउनलोड कर, फुकट आहे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, २० जणांमागं एक संडास, असले आकडे त्यात आहेत. पण नुसतं पाठ करून काय उपयोग, आषाढीला पंढरपुरात ६५ एकरात, म्हणजे वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या मैदानात जाऊन उभा राहा, टँकर कुठं लागतो, रांग कुठवर जाती, संडास रात्री कोण साफ करतं, बायका अंधारात तिकडं जातात का उघड्यावरच बसतात, सगळं लिहून काढ. टँकरच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकून बघ, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर क्लोरीन उरलेलंच नाही, एकतर टीसीएल (ब्लिचिंग पावडर) कुणी टाकली नाही नाहीतर कमी पडली. निर्वासितांच्या कॅम्पात सकाळी उठून पहिलं हेच करतात.

सिस्टर_सातरस्ता
दादांनी बरोबर सांगितलं पण बाळा एक बाजू राहिली. अमेरिकेनं २०२५ मध्ये यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी त्यांची सरकारी संस्था गुंडाळली, त्या पैशावर चालणाऱ्या कितीतरी संस्थांनी माणसं काढली, म्हणजे दहा-दहा वर्षं अनुभव असलेले लोक आता त्याच जागांना अर्ज करतायत, तुझा फ्रेशरचा अर्ज कोण बघणार. त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं इथंच काढ, जलजीवनच्या कामावर नाहीतर एखाद्या संस्थेत, पगार कमी असंल तरी. सोबत युएन व्हॉलंटियर्सवर, म्हणजे युएनच्या स्वयंसेवक योजनेच्या साइटवर प्रोफाइल टाकून ठेव, १८ ते २६ वयाची वेगळी कॅटेगरी आहे, अनुभव फार मागत नाहीत आणि राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो.

आणि फ्रेंच शीक. काँगो, चाड तिकडं इंग्लिशवर भागत नाही. आपण सोलापूरची माणसं मराठी, कन्नड, तेलुगू बोलतोच की, अजून एक भाषा काय जड नाही.

जुळेसोलापूरकर
धन्यवाद दादा, ताई. क्लासवाल्याला ब्लॉक केलं. मग मास्टर्स करूच नको का?

टँकरमागेधावणारा
कर की, पण कामाचा थोडा अनुभव घेऊन. टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) कॅम्पस तुळजापूरला आहे, एसटीनं सकाळी जाऊन दुपारी परत येशील, एकदा जाऊन तिथल्या पोरांशी बोल. आणि आईला सांग पीडब्ल्यूडीची परीक्षा पण देतो, अभ्यास तर सिव्हिलचाच आहे.

सिस्टर_सातरस्ता
पासपोर्ट काढलाय का? नसंल तर आधी तो काढ.