मुलांच्या मनात अढी का राहत नाही?

प्रश्न:
माझी चार वर्षांची मुलगी काल खेळताना मैत्रिणीशी कडाडून भांडली, हातातली बाहुली हिसकावली गेली म्हणून हुंदके देऊन रडली आणि गालांवरचे ओघळ वाळायच्या आत त्याच मैत्रिणीला खेटून बसली. मी मात्र वीस वर्षांपूर्वीचा एक टोमणा अजून उगाळत असतो. मुले विसरतात म्हणून निरागस असतात का?

उत्तर १:
विसरतात असे सरसकट म्हणता येणार नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी तान्ह्या बाळांच्या पायाला बांधलेली फीत पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली, तेव्हा पाय झाडला की खेळणे हलते, हे तीन महिन्यांच्या बाळाला सुमारे आठवडाभर आणि सहा महिन्यांच्या बाळाला सुमारे दोन आठवडे लक्षात राहत असे. टिकत नाही ते पुढे. मोठेपणी आपली पहिली आठवण सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1905 मध्ये याचे कारण दडपलेल्या इच्छांत शोधले, जे मला कधीच पटले नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत मात्र मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी झपाट्याने तयार होण्यामुळेच जुन्या आठवणी पुसल्या जातात असे दिसले.

उत्तर २:
पेशींचे ठीक आहे, पण पाच मिनिटांत पेशी बदलत नाहीत. बाहुली ओढल्याचे तिला आठवतच असणार. फक्त ‘ही नेहमी अशीच वागते’ हे वाक्य तिच्यापाशी अजून नाही. या वयात ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचीही गल्लत होते; माझा मुलगा ‘आपण काल जाणार आहोत ना?’ असे विचारत असे. आपण टोमणा नुसता आठवत नाही, त्याची उजळणी करतो आणि दर उजळणीत तेव्हा न सुचलेले उत्तर त्याला जोडतो.

उत्तर ३:
थोडा मतभेद नोंदवतो. लहानपणी मी खोलीत कोंडला गेलो होतो, हे मला केवळ आईने सांगितले म्हणून ठाऊक आहे, तरी कडी लावलेल्या खोलीत आजही माझा जीव घुसमटतो.

प्रश्नकर्ता:
आपले वाचून आज मुलीला विचारले. तिला सगळे आठवत होते. ‘हो, तिने ओढली,’ ती म्हणाली, ‘पण बाहुलीला ताप आला होता आणि डॉक्टर तीच होती.’